परदेशप्रवास आणि विम्याचा कागद

मलकापूरच्या एका वाचक भगिनींचें पत्र या महिन्यांत आम्हांस आलें. पत्र लांब आहे. त्यांतील घरगुती मजकूर वगळून तात्पर्य असें कीं, त्यांचे थोरले दीर अमेरिकेंत नोकरीस आहेत, त्यांनीं आईवडिलांस सहा महिन्यांकरितां तिकडे बोलाविलें आहे, तिकिटें काढून झालीं आहेत, आणि आतां घरांत वाद पडला आहे तो प्रवासविम्याचा. भगिनींचे यजमान म्हणतात, विमा काढलाच पाहिजे. सासरे म्हणतात, "धडधाकट माणसानें आजारपणाचे पैसे आगाऊ कां भरावे? तेवढ्यांत विहिरीवर नवी मोटार बसेल." सासूबाईंस रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती अर्जांत लिहावी कीं लिहूं नये, हा त्या वादांतील पोटवाद. "आपण उभयतां जाऊन आलां आहांत, तर जें अनुभवास आलें तें लिहावें," अशी भगिनींची विनंति आहे.

आमचा अनुभव फार मोठा नाहीं. एकदांच गेलों, सहा महिने राहिलों आणि परत आलों. परंतु या विषयाशीं आमचा संबंध त्याच्याही पूर्वींचा आहे, आणि तो दुःखद आहे. तेथूनच आरंभ करतों.

मेहकरकडे आमचे एक मावसबंधु असतात. कांहीं वर्षांपूर्वीं ते मुलाकडे अमेरिकेस गेले. त्यांस बारा वर्षांचा मधुमेह होता. पण पथ्य इतकें कडक कीं, पंक्तींत शेजारीं बसणारासही शंका येऊं नये. विम्याच्या अर्जांत 'पूर्वींचा आजार' या रकान्यापुढें त्यांनीं 'नाहीं' असें लिहविलें. खरें लिहिल्यास हप्ता वाढेल हें एक कारण झालें. दुसरें, आणि आमच्या मतें हेंच खरें, असें कीं, घरांत मुलीचें लग्न जमावयाचें होतें आणि बापास मधुमेह आहे हें कागदोपत्रीं यावें असें त्यांस वाटेना. तिकडे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यांत पायास लहानशी जखम झाली, ती चिघळली, ताप भरला आणि रुग्णालयांत न्यावें लागलें. तेथील डॉक्टरांनीं विचारलें, "मधुमेह किती वर्षांचा?" आमच्या बंधूंनीं तत्काळ उत्तर दिलें, "बारा." वैद्यापाशीं खोटें बोलूं नये हा संस्कार त्यांच्या अंगीं होता, विम्याचा कागद हाही शेवटीं वैद्याच्याच हातीं जातो, हें मात्र त्यांच्या ध्यानीं आलें नव्हतें. तीं बारा वर्षें रुग्णालयाच्या दप्तरांत नोंदलीं गेलीं, आणि विमा कंपनीनें त्या नोंदीवर बोट ठेवून पैसे देण्याचें नाकारलें.

पाय वाचला. बिल मुलानें पुढें कित्येक महिने हप्त्यांनीं फेडलें. इकडे घरच्या थोरल्यांनीं एकत्रांतील एक एकर विकण्याची तयारी केली होती. मुलानेंच ती थांबविली. मावसबंधु परत आले ते अबोल होऊन. "मुलानें घरासाठीं जमविलेले पैसे मीं पायांत घातले," असें ते आमच्यापाशीं एकदांच म्हणाले. पुन्हां तो विषय त्यांनीं काढला नाहीं, आणि आम्हींही नाहीं.

ही हकीगत मनांत असतां सन २०२२ मध्यें आमची पाळी आली. चिरंजीव न्यू जर्सींत असतात. त्यांनीं बोलाविलें तेव्हां आमचा पहिला विचार मलकापूरच्या सासऱ्यांसारखाच होता, हें कबूल केलें पाहिजे. निवृत्त शिक्षकाच्या हातीं पैसा मोजका असतो. दोघांच्या सहा महिन्यांच्या विम्याचा आंकडा ऐकून आम्हीं चष्मा काढून ठेवला होता.

मग आमची आम्हांसच लाज वाटली. कारण संकटाची किंमत आगाऊ धरावी, ही कल्पना आम्हीं जन्मभर ज्या ग्रंथांत वावरलों त्यांतच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आणि याज्ञवल्क्यस्मृतींत व्याजाचे दर सांगितले आहेत. सामान्य ऋणास दरमहा शेंकडा सव्वा. परंतु जो अरण्यांतून माल नेतो त्यास दहा, आणि जो समुद्रावर जातो त्यास वीस. धनको लोभी म्हणून हा दर वाढला नाहीं. गलबत बुडालें तर मुद्दलही बुडावयाचें, त्या भयाचें हें मोल आहे. 'विमा' हा शब्दही फारसीमधील भयवाचक 'बीम' या शब्दापासून आलेला. ज्या शास्त्रकारांच्या वचनांवर आमच्या पणज्यांनीं समुद्रगमन निषिद्ध मानलें, त्याच परंपरेनें समुद्रावर जाणाऱ्याचा हिशेबही मांडून ठेवला होता. निषेध तेवढा आमच्या लक्षांत राहिला.

असो. चिखलीस आमच्या घरीं विम्याचा एजंट आला, तो आमचाच जुना विद्यार्थी निघाला. संस्कृतांत पैकीच्या पैकी गुण मिळविणारा मुलगा. अर्ज भरतां भरतां तो थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, बाईंची रक्तदाबाची गोळी नका लिहूं. कोणी लिहीत नाहीं. उगाच भानगड होते." आम्हीं त्यास मावसबंधूंचा पाय सांगितला. तो गप्प बसला व त्यानें गोळीचें नांव, मात्रा आणि ती कोणत्या सालापासून चालू आहे तें सर्व लिहून घेतलें. हप्ता कांहींसा वाढला.

परंतु खरी अडचण पुढेंच होती. आमच्या सौ. प्रत्येक कागद वाचल्यावांचून सही करीत नाहींत. ही संवय आमचीच लाविलेली. कागदांत एक कलम असें होतें कीं, परदेशीं मृत्यु आल्यास देह स्वदेशीं आणण्याचा, अथवा तेथेंच अंत्यविधि करण्याचा, खर्च कंपनी अमुक रकमेपर्यंत सोशील. त्यांनीं तें दोनदां वाचलें आणि कागद मिटून ठेवला. "अहो, नातवाला बघायला निघालों आपण. निघतांना हें काय वाचायचं?" एवढेंच म्हणाल्या. दोन दिवस सही झाली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं दिवा लावल्यावर त्यांनींच विषय काढला. "तसंच कांहीं झालं, तर मला पेटींत घालून आणूं नका. मुलगा तिथेंच आहे, तो करील सगळं. अस्थी तेवढ्या आणा आणि आपल्या पैनगंगेंत सोडा." छत्तीस वर्षांच्या संसारांत हा प्रश्न आम्हीं एकमेकांस कधीं विचारला नव्हता, तो विम्याच्या एका कलमानें विचारला. आम्हांस त्या वेळीं डॉ. आनंदीबाई जोशी यांची आठवण झाली. सन १८८३ मध्यें त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्यें फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, आणि पुढल्याच वर्षीं पुण्यास वारल्या. त्यांची रक्षा उलट दिशेनें समुद्रापार गेली. ज्या कार्पेंटरबाईंनीं त्यांस लेकीप्रमाणें घरीं ठेविलें होतें, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमींत, न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथें, ती विसावली आहे. हें ऐकून सौ. म्हणाल्या, "म्हणजे माणसं जिथें असतील तिथें." आणि सही केली.

वडील मंडळी परदेशीं निघालीं म्हणजे हें बोलणें एकदां झालेलें बरें असतें. मुलांस तें विचारवत नाहीं. त्यांच्यावर तो निर्णय मध्यरात्रीं, रुग्णालयाच्या ओसरीवर टाकूं नये.

आतां पोटवादाविषयीं. आजार लिहावा कीं लपवावा, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल सांगतों. सन २००९ मध्यें आरोग्यविम्याचा एक खटला त्या न्यायालयापुढें आला. विमा घेणाऱ्या गृहस्थांस मधुमेह व मूत्रपिंडाचा जुना विकार होता आणि अर्जांत त्याचा उल्लेख नव्हता. ते वारले, पत्नीनें पैसे मागितले, आणि न्यायालयानें कंपनीचा नकार योग्य ठरविला. दुसरा निकाल ६ डिसेंबर २०२१ चा, आणि तो तर परदेशप्रवासाच्याच विम्याचा. सन १९९८ मध्यें एक गृहस्थ नात्यांतील लग्नाकरितां अमेरिकेस निघाले. विमा घेतेवेळीं त्यांची वैद्यकीय तपासणी झाली व मधुमेह असल्याचें कागदावर आलें. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांस घाम सुटला, अशक्तपणा आला. रुग्णालयांत नेऊन हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. कंपनीनें मधुमेहाकडे व रक्तांतील वाढलेल्या चरबीकडे बोट दाखवून पैसे नाकारले. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेंही त्यांची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयांत न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. नागरत्ना यांनीं मात्र उलट निर्णय दिला. अर्जदाराची प्रकृति तपासून, त्याचा रोग जाणून कंपनीनें विमा दिला असेल, तर त्याच जाणलेल्या रोगाचें निमित्त पुढें करून तिला मागें सरतां येणार नाहीं, असा त्याचा आशय. न्याय मिळण्यास तेवीस वर्षें लागलीं हें खरें. पण मिळाला तो मधुमेह कागदावर होता म्हणून. मलकापूरच्या सासूबाईंनीं गोळीचें नांव ठळक अक्षरांत लिहावें.

मात्र लिहिलें म्हणजे त्या आजाराचा सर्व खर्च मिळेल, असाही समज करून घेऊं नये. बहुतेक प्रवासविम्यांत जुन्या आजाराचा नेहमींचा उपचार वगळलेला असतो. जीव धोक्यांत आला तरच, आणि तोही ठराविक मर्यादेपर्यंत, कांहीं कंपन्या खर्च देतात. हें कलम कागदाच्या पहिल्या पानावर क्वचितच असतें. तें शोधून, मोठ्यानें, घरच्या सर्वांसमक्ष वाचावें. विमा कोणता घ्यावा याचा निम्मा निर्णय त्या कलमावर होतो.

उरलेला निम्मा देशावर अवलंबून आहे. यूरोपांतील शेंगेन राष्ट्रांत जावयाचें तर निवडीचा प्रश्नच नाहीं. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखविल्यावांचून व्हिसा मिळत नाहीं. इंग्लंडांत सहा महिन्यांच्या आंतील पाहुण्यास अपघातविभागांतील प्रथमोपचार फुकट मिळतो, पण रुग्णालयांत ठेवून घेतलें कीं, सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. अमेरिकेच्या व्हिसास विम्याची अट नाहीं, आणि विम्यावांचून जाणें सर्वांत महाग पडतें तें तेथेंच. तेथील म्हाताऱ्यांची सरकारी विमायोजना पाहुण्यांस लागू नाहीं. सन १९८६ च्या कायद्यानें जिवावर बेतलेल्या रोग्यास रुग्णालयांनीं पैशांचा विचार न करतां आधीं सांवरावें असें आहे. परंतु बिल मागाहून येतेंच, आणि तें मुलाच्या पत्त्यावर येतें. नेपाळ हाही परदेशच, हें आमच्याकडील यात्रेकरूंच्या ध्यानींमनींही नसतें. पासपोर्ट लागत नाहीं, म्हणून पशुपतिनाथ-मुक्तिनाथ म्हणजे शेगांवची वारी असें समजून लोक निघतात. मुक्तिनाथ ३,७०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथें दम कोंडला तर हेलिकॉप्टरनें खालीं आणावें लागतें, आणि कित्येक विम्यांत ठराविक उंचीच्या वरचा प्रदेश वगळलेला असतो.

विमा इकडील कंपनीचा घ्यावा कीं अमेरिकेंतील? आमच्या चिरंजीवांचा आग्रह तिकडील विम्याचा होता, कारण तेथील दवाखाने तो लवकर ओळखतात. आम्हीं इकडील घेतला. हप्ता रुपयांत, तक्रार करणें झालें तर आपल्या भाषेंत, आणि अर्ज भरणारा मनुष्य समोर. तिकडील विमा घेणारांनीं एक भेद मात्र जाणून घ्यावा. तेथें एका प्रकारांत प्रत्येक उपचारास ठरलेली रक्कम मिळते, मग बिल कितीही होवो. दुसऱ्यांत आरंभींची कांहीं रक्कम आपण सोसल्यावर उरलेल्या बिलाचा मोठा हिस्सा कंपनी देते. पहिला स्वस्त दिसतो. आजार मोठा झाला कीं त्याचा स्वस्तपणा कळतो. सत्तरी उलटलेल्यांस हप्ता जास्त आणि मर्यादा कमी हा प्रकार दोन्हीकडे आहे, म्हणून सत्तरीच्या आंत एकदां जाऊन यावें असें आमचे चिरंजीव म्हणत. तें आम्हांस पटलें.

सामान हरवण्याच्या कलमास भुलून विमा घेऊं नये. भारतासह बहुतेक देशांनीं मान्य केलेल्या सन १९९९ च्या माँट्रियल करारानें सामानाची जबाबदारी ठराविक मर्यादेपर्यंत मुळांतच विमान कंपनीवर आहे. पेटी मोडून आली तर सात दिवसांत, उशिरा आली तर हातीं पडल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार केली पाहिजे. आणि विमानतळ सोडण्यापूर्वींच तेथील खिडकीवर नोंद करून पावती घ्यावी हें उत्तम. लोणच्याच्या बरणीची भरपाई कोणीच देत नाहीं.

आतां उपयोगाची हकीगत. जानेवारी महिना, रात्रीं बर्फ पडलेला. सौ. सकाळीं दारांतील पायरीवर उतरल्या, पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलें. चिरंजीव कचेरींत गेलेले. आम्ही गडबडून रुग्णवाहिका बोलवा म्हणूं लागलों. सूनबाई शांत होत्या. त्यांनीं सासूबाईंचा हात टॉवेलांत बांधून उशीवर ठेविला आणि आधीं विम्याच्या कागदावरील नंबरास फोन केला. हा कागद त्यांनीं आम्ही पोंचलों त्याच दिवशीं मागून घेऊन स्वयंपाकघरांत फ्रिजच्या दारावर लाविला होता. आम्हांस तेव्हां तें कांहींसें अभद्र वाटलें होतें. फोनवरील मनुष्यानें घटनेचा क्रमांक दिला आणि जवळच्या 'अर्जंट केअर' दवाखान्याचें नांव सांगितलें. मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागांत हेंच हाड बसविण्यास कितीतरी पट पैसे पडतात. जिवावरच बेतलें असेल तर अर्थातच आधीं रुग्णालय, मग फोन. परंतु मनगट म्हणजे हृदयविकार नव्हे.

बिलें एक नव्हे, तीन आलीं: दवाखान्याचें वेगळें, क्ष-किरणाचें चित्र वाचणाऱ्या डॉक्टराचें वेगळें, आणि पुढें अस्थितज्ज्ञास दाखविलें त्याचें वेगळें, तींही निरनिराळ्या आठवड्यांत. तिकडची रीतच तशी. एक भरलें म्हणजे सुटलों असें समजूं नये आणि कोणतेंही पाकीट न फोडतां ठेवूं नये. महिन्याभरानें कंपनीचें पत्र आलें. रक्तदाबामुळें घेरी येऊन बाई पडल्या काय, असा त्यांचा प्रश्न होता. आमच्या छातींत धस्स झालें. परंतु पहिल्या दिवशींच दवाखान्याच्या कागदावर 'बर्फावर घसरून' असें स्पष्ट लिहिलें गेलें होतें, आणि रक्तदाब आमच्या अर्जांत आधींच असल्यानें लपविल्याचा ठपका येण्यास जागा नव्हती. पहिले शंभर डॉलर ठरल्याप्रमाणें आमचे गेले. उरलेले पैसे चार महिन्यांनीं मिळाले. मध्यंतरीं सौ.ना एकदां खरोखरच घेरी आली होती आणि गोळीची मात्रा बदलून घ्यावी लागली; त्या भेटीचे पैसे कंपनीनें दिले नाहींत. कलम तसेंच होतें. आम्हीं तक्रार केली नाहीं.

तक्रार करावीशीच वाटली तर मार्ग आहे. प्रथम कंपनीकडे लेखी. महिन्याभरांत उत्तर न आल्यास अथवा आलेलें मान्य नसल्यास विमा-लोकपालाकडे, पण कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आंत. तेथें शुल्क नाहीं, वकील लागत नाहीं.

भगिनींनीं सासऱ्यांस आमचा निरोप सांगावा: विहिरीची मोटार एक हंगाम थांबेल. आणि प्रवासाच्या पिशवींत घरच्या डॉक्टरांचें, औषधांचीं मूळ नांवें लिहिलेलें पत्र घालावें. व्यापारी नांवें तिकडे चालत नाहींत. आमच्या पॅरासिटामॉललाच तिकडे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. तें न कळल्यामुळें आम्ही औषधाच्या दुकानांत अर्धा तास उभे होतों. विमा घर सोडण्याच्या दिवसापासून सुरू व्हावा आणि परतीच्या तारखेच्या पुढें आठवडाभर असावा; मुलें आग्रह करतात आणि मुक्काम लांबतो. वाढवून घ्यावयाचा तर मुदत संपण्यापूर्वींच. बोर्डिंग पास परत आल्यावरही टाकूं नयेत.

त्यांच्या पत्रांतील दुसरा प्रश्न, सहा महिने घर बंद ठेवतांना देवपूजेची व्यवस्था काय करावी, हा आहे. त्याचें उत्तर पुढील अंकीं देऊं.